इजिप्तची मंदिरे आणि थडगी: काय बघावे, काय सोडावे

तुम्ही दिलेली माहिती अशी: हातात अकरा दिवस, सोबत सत्तरी ओलांडलेले आईवडील, आणि टूर कंपनीने आखलेला कार्यक्रम. त्यात कैरोला दोन दिवस, अलेक्झांड्रियाला एक, क्रूझवर चार रात्री, लक्सरला जेमतेम एक दिवस आणि शेवटी हुरघाडाच्या समुद्रकिनारी दोन दिवस. प्राचीन मंदिरे आणि थडगी एवढ्यात नीट बघून होतील का, असे तुम्ही विचारले आहे. मी बरीच वर्षे मराठी मंडळींचे गट घेऊन इजिप्तला जातो. माझे सरळ उत्तर आहे, नाही होणार. हुरघाडा आणि अलेक्झांड्रिया काढून टाका. ते दिवस लक्सरला द्या आणि सक्काराला पूर्ण दिवस ठेवा.

कारण सांगतो. त्या काळी राजवाडे, घरे, बाजार सगळे कच्च्या विटांचे होते. नाईलच्या पुरात आणि शेतीखाली ते बहुतेक नाहीसे झाले. दगडात बांधले ते फक्त देवांसाठी आणि मृतांसाठी. त्यामुळे तिथली माणसे काय पेरत होती, काय खात होती, कशाला घाबरत होती, हे आज मुख्यतः मंदिरांच्या आणि थडग्यांच्या भिंतींवर सापडते. ठरावीक सहलीत आकार आणि उंची दाखवतात, भिंतीसमोर कोणी थांबत नाही. भिंतीला वेळ लागतो. एका चांगल्या थडग्यात अर्धा तास शांतपणे उभे राहिलात तर पाच ठिकाणी धावपळ करून मिळत नाही ते मिळते.

गिझा बघायचेच आहे, त्यावर फार लिहीत नाही. खुफूचा पिरॅमिड साधारण इ.स.पू. २५६० चा, मुळात सुमारे १४६ मीटर उंच, आज १३८ च्या आसपास. आत जाण्यासाठी वेगळे तिकीट असते. आत चित्र नाही, अक्षर नाही. कमरेतून वाकून चढावे लागते आणि हवा कोंदट असते. आईवडिलांना आत नेऊ नका. तो वेळ खाफ्रे राजाच्या खोऱ्यातल्या मंदिराला द्या, स्फिंक्सकडे जाताना तेच लागते. आस्वानहून शेकडो किलोमीटर नदीतून आणलेल्या ग्रॅनाइटचे चौकोनी खांब तिथे आहेत, एकही नक्षी नसलेले. कोपऱ्यावर वळण घेणारे दगड जवळ जाऊन बघा. सांधा कोपऱ्यात येऊ नये म्हणून एकाच दगडात दोन बाजू कोरून काढल्या आहेत.

गिझाजवळचे ग्रँड इजिप्शियन म्युझियम नोव्हेंबर २०२५ मध्ये रीतसर उघडले. तुतानखामुनच्या थडग्यातल्या पाच हजारांहून जास्त वस्तू आता तिथे एकत्र आहेत. त्याला अर्धा दिवस हवाच. राजांच्या ममी मात्र तिथे नाहीत. एप्रिल २०२१ मध्ये त्या मिरवणुकीने कैरोच्याच फुस्तात भागातल्या राष्ट्रीय संस्कृती संग्रहालयात हलवल्या. कैरोत एक दुपार मोकळी असेल तर तिकडे जा.

आता सक्कारा. कैरोच्या दक्षिणेला साधारण ३० किलोमीटर. बहुतेक गट इथे जोसरच्या पायऱ्यांच्या पिरॅमिडपुढे फोटो काढून तासाभरात बाहेर पडतात. इम्होतेपने उभारलेली ही वास्तू इ.स.पू. २६५० च्या सुमाराची. एवढ्या मोठ्या प्रमाणावर घडीव दगडात केलेले जगातले पहिले बांधकाम म्हणून तिचे मोल मोठेच आहे. पण सक्काराचा खरा ठेवा तिच्या आजूबाजूच्या मस्तबांमध्ये आहे. मस्तबा म्हणजे अधिकाऱ्यांची सपाट माथ्याची थडगी.

पाचव्या राजवंशातल्या 'ती' नावाच्या अधिकाऱ्याची मस्तबा कार्यक्रमात नसली तर मागून घ्या. आतल्या भिंतीवर गुरे पाण्यातून पलीकडे नेण्याचा प्रसंग आहे. गुराख्याने एक लहान वासरू पाठीवर घेतले आहे आणि वासरू मान मागे वळवून आईकडे बघत हंबरते आहे. मागे गाय तोंड वर करून येते आहे. पाणी नागमोडी रेघांनी दाखवले आहे आणि त्या रेघांखालून गुरांचे पाय दिसतात. साडेचार हजार वर्षांपूर्वी कोणा कारागिराने पाण्याखालचे पाय कसे दाखवायचे याचा विचार केला, हे त्या भिंतीपाशी गेल्यावरच लक्षात येते. मी प्रत्येक गटाला तिथे थांबवतो.

मेरेरुका हा तेती राजाचा वजीर. त्याचे थडगे तीसपेक्षा जास्त खोल्यांचे आहे. एका भिंतीवर करवसुलीचा हिशेब देण्यासाठी गावच्या मुखियांना ओढत आणले आहे आणि एकाला खांबाला बांधून चोप दिला जातो आहे. दुसरीकडे तरसांना बळेच खाऊ घालण्याचे दृश्य आहे. आतल्या दालनात कोनाड्यातून मेरेरुका स्वतः पाऊल पुढे टाकून बाहेर येतो, पूर्ण उंचीचा पुतळा, खाली उतरायला पायऱ्या, समोर नैवेद्याचा दगड. मृताने रोज यायचे, वाढलेले घ्यायचे आणि परत जायचे, ही कल्पना इथे डोळ्यांना दिसते. मग इतर थडग्यांत भिंतीवर नुसतेच कोरलेल्या, न उघडणाऱ्या खोट्या दरवाजांचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

पिरॅमिडच्या आत जायचेच असेल तर सक्कारातल्या उनासच्या किंवा तेतीच्या पिरॅमिडमध्ये जा, जो उघडा असेल तो. बाहेरून दोन्ही ढिगाऱ्यासारखे आहेत. आतला उतार छोटा आहे, वाकावे लागते, पण गुडघे बरे असतील तर वयस्कर मंडळींनाही जमते. उनासच्या दफनकक्षाच्या बहुतेक भिंती वरपासून खालपर्यंत निळसर रंग भरलेल्या चित्रलिपीने झाकल्या आहेत आणि छतावर चांदण्या आहेत. इ.स.पू. २३५० च्या सुमाराचे हे मंत्र. राजाने मृत्यूनंतर आकाशात कसे चढावे हे सांगणारा, पिरॅमिडमध्ये कोरलेला असा मजकूर याआधीचा सापडलेला नाही.

कैरोहून लक्सरला विमानाने तासाभराचा प्रवास, रात्रीची गाडीही आहे. इथे चार पूर्ण दिवस ठेवा.

पूर्वेकडच्या काठावर कर्नाक आणि लक्सर ही दोन मंदिरे. कर्नाकच्या सभामंडपात १३४ खांब आहेत, मधल्या दोन ओळींतले बारा सुमारे २१ मीटर उंच. खांबांचे माथे बघा. मधल्या उंच खांबांवर पपायरस या पाणवनस्पतीची फुले उमललेली आहेत आणि बाजूच्या खांबांवर त्याच्याच मिटलेल्या कळ्या. उजेड मधल्या भागातल्या उंच जाळ्यांतून येत होता. जिथे ऊन पडते तिथे फूल उमलले, सावलीत कळी राहिली. सकाळी दार उघडताच जा, नऊनंतर क्रूझचे गट येतात. याच आवारातल्या खुल्या संग्रहालयाकडे फारसे कोणी वळत नाही. तिथे सेनुस्रेत पहिल्याचे पांढरे देवघर आहे, इ.स.पू. विसाव्या शतकातले. आमेनहोतेप तिसऱ्याने ते मोडून त्याचे दगड आपल्या पायलॉनमध्ये, म्हणजे मंदिराच्या भव्य प्रवेशद्वारात, भराव म्हणून वापरले होते. विसाव्या शतकात ते बाहेर काढून पुन्हा जुळवले. त्यावरचे कोरीव काम इतके बारीक आहे की पक्ष्याच्या पंखातले पीस न पीस वेगळे दिसते.

लक्सरचे मंदिर संध्याकाळी बघा. दरवर्षी पुराच्या दिवसांत ओपेत नावाचा उत्सव व्हायचा. आमुन देवाची मूर्ती होडीच्या आकाराच्या पालखीत ठेवून पुजारी खांद्यावर घेत आणि कर्नाकहून लक्सरला आणत. आपल्याकडची माणसे इथे लगेच रमतात, कारण देव वर्षातून एकदा घराबाहेर पडतो आणि लोक वाटेवर दर्शनाला उभे राहतात, हे आषाढीची पालखी बघितलेल्याला सांगावे लागत नाही. या सोहळ्याची कोरीव चित्रे मंदिराच्या मोठ्या स्तंभमार्गाच्या दोन्ही भिंतींवर आहेत, तुतानखामुनच्या काळात कोरलेली: होडी ओढणारी माणसे, वाजंत्री, मागे कमान करून नाचणाऱ्या कसरतपटू बायका. बरेच गट मधून चालत निघून जातात, तुम्ही भिंतीच्या कडेने चाला. याच मंदिराच्या अंगणात अबू हग्गाग या संताची मशीद आहे. तिचा जुना दरवाजा जमिनीपासून कित्येक मीटर वर अधांतरी दिसतो, कारण मशीद बांधली तेव्हा मंदिर तेवढे मातीखाली गेलेले होते. त्या संताच्या जत्रेत आजही होड्या मिरवतात.

पश्चिमेच्या काठाला दोन दिवस द्या. राजांच्या खोऱ्यात साध्या तिकिटावर उघड्या थडग्यांपैकी तीन बघता येतात. सेती पहिला, तुतानखामुन आणि रामसेस पाचवा-सहावा यांची तिकिटे वेगळी. माझे मत असे: एकच जादा तिकीट घ्यायचे असेल तर रामसेस सहाव्याचे घ्या. उतार सोपा आहे, आईवडिलांना चालेल. दफनकक्षाच्या छतावर आकाशदेवता नुत दोनदा काढली आहे, पाठीला पाठ लावून. ती संध्याकाळी सूर्य गिळते, रात्रभर तो तिच्या देहातून प्रवास करतो आणि पहाटे पुन्हा जन्मतो. खोऱ्यातल्या जवळजवळ सगळ्या थडग्यांचा विषय हाच आहे, रात्रीचे बारा तास आणि त्यातून सूर्याबरोबर पार होणारा राजा. एवढे माहीत असले की मार्गावरचे साप, दरवाजे आणि होड्या यांची संगती लागते.

सेती पहिल्याचे थडगे सगळ्यात सुंदर, १३७ मीटर लांब, बेल्झोनी या इटालियन शोधकाने १८१७ मध्ये शोधलेले. तिकीट मात्र फार महाग आणि पायऱ्या पुष्कळ. चित्रकलेची मनापासून ओढ असेल तर एकट्याने जाऊन या, पैसे वाया जाणार नाहीत. तुतानखामुनचे थडगे लहान आहे. वर रामसेस सहाव्याच्या थडग्यावर काम करणाऱ्या मजुरांच्या झोपड्या बांधल्या गेल्या आणि त्याचे तोंड झाकून गेले, म्हणून ते १९२२ पर्यंत जवळपास शाबूत राहिले. त्याची ममी अजून तिथेच आहे. पण वस्तू संग्रहालयात बघून झाल्या असतील आणि वेळ कमी असेल तर हे थडगे मी सोडायला सांगतो.

वाचलेला वेळ देर अल-मदिनाला द्या. राजांची थडगी खोदणारे आणि रंगवणारे कारागीर जिथे राहत ते हे गाव. घरांचे पाये, चुली, अरुंद गल्ली, सगळे जागेवर आहे. दगडांच्या चिपांवर त्यांनी हजेरी लिहिली. कोण विंचू चावला म्हणून आला नाही, कोण घरी बिअर गाळत होता, कोणाची आई आजारी. रामसेस तिसऱ्याच्या कारकिर्दीच्या २९ व्या वर्षी धान्याचा शिधा वेळेवर मिळेना, तेव्हा ही माणसे काम टाकून राजांच्या मंदिरांपाशी जाऊन बसली. लेखी नोंद असलेला हा सर्वात जुना संप. याच कारागिरांनी सुट्टीच्या वेळात स्वतःसाठी थडगी केली. सेनेजेमच्या छोट्या कमानदार खोलीत तो आणि त्याची बायको परलोकातल्या शेतात काम करत आहेत, पांढऱ्याशुभ्र सणाच्या कपड्यांत. तो औत हाकतो, ती मागून बी पेरते. खाली कालवा, कडेला खजुराची झाडे. रंग काल दिल्यासारखे ताजे आहेत. पायऱ्या उभ्या आणि दार ठेंगणे आहे, आईवडिलांना आधार लागेल. पण उतरवाच.

त्यानंतर रामसेस तिसऱ्याच्याच मदिनत हाबूच्या मंदिराला जा, म्हणजे तो संप आणि हे वैभव एकाच राजाचे हे ध्यानात राहील. उत्तरेच्या बाहेरच्या भिंतीवर समुद्रातून आलेल्या टोळ्यांशी झालेली लढाई कोरली आहे. आत शत्रूंचे तोडलेले हात ढीग करून कारकून मोजत बसले आहेत. दरवाजांच्या आतल्या बाजूंना आणि छताला रंग टिकले आहेत. इथे गर्दी कमी असते आणि चालायला सपाट आहे.

सरदारांच्या थडग्यांपैकी दोन निवडा, रामोसे आणि रेखमिरे. रामोसेकडे चुनखडीत इतके नाजूक काम आहे की केसांच्या टोपाची एकेक बट मोजता येईल. शेजारच्या भिंतीवर अंत्ययात्रेत हात उंचावून रडणाऱ्या बायका रंगवल्या आहेत. त्यांच्या गालावरचे अश्रू शोधा. रेखमिरे हा थुतमोस तिसऱ्याचा वजीर. त्याच्या भिंतीवर परदेशी लोक नजराणे घेऊन येतात. दक्षिणेकडच्या नुबियाचे लोक जिराफ आणतात आणि त्याच्या मानेवर माकड चढलेले आहे. सिरियाचे लोक हत्ती आणि अस्वल आणतात. खालच्या बाजूला विटा पाडणारे, चामडे कमावणारे, धातू ओतणारे. या थडग्यांची तिकिटे मेम्नॉनच्या पुतळ्यांजवळच्या तिकीटघरातून आधी घ्यावी लागतात, थडग्यापाशी मिळत नाहीत. गाइडला आदल्या दिवशीच सांगून ठेवा.

हात्शेपसुत या राज्यकर्त्या राणीच्या मंदिरात मधल्या मजल्यावर पुंत देशाच्या सफरीची चित्रे आहेत, कुंड्यांतून नेलेली धुपाची झाडे बघा. दुपारी तिथे सावली नाही, सकाळीच उरका. रामसेस दुसऱ्याची राणी नेफर्तारी हिचे थडगे उघडे असेल तर जरूर जा, पण ते दुरुस्तीसाठी अधूनमधून बंद असते, निघण्याआधी खात्री करा. खडकातले क्षार बाहेर येऊन तिथला गिलावा सुटू लागला होता, १९८६ ते १९९२ मध्ये मोठ्या कष्टाने तो वाचवला. म्हणून आत फार थोडा वेळ थांबू देतात. श्वासातल्या दमटपणानेही रंगांना इजा होते, तेव्हा त्या नियमावर कुरकुर करू नका आणि कुठल्याही थडग्यात भिंतीला हात लावू नका. पहारेकरी दोरीपलीकडे नेतो म्हणाला तरी नको म्हणा.

लक्सरचा चौथा दिवस अबिदोस आणि डेंडेरासाठी. बहुतेक कार्यक्रमांत हा दिवस नसतो, आणि माझ्या मते हाच कार्यक्रमाचा कळस आहे. गाडीने अबिदोस अडीच-तीन तास, डेंडेरा परतीच्या वाटेवर. सकाळी सहाला निघा.

अबिदोस हे मृतांचा देव ओसिरिस याचे क्षेत्र. पहिल्या राजवंशाचे राजे इथल्या वाळवंटात पुरले होते. त्यातल्याच एका राजाचे थडगे पुढे ओसिरिसचे मानले गेले आणि लोक शतकानुशतके तिथे मातीची भांडी वाहत आले. सेती पहिल्याच्या मंदिरात एका ओळीत सात गाभारे आहेत, सहा देवांचे आणि एक राजाचा स्वतःचा. ओसिरिसचा सोडून बाकी सहांच्या मागच्या भिंतीवर खोटा दरवाजा कोरला आहे. फक्त ओसिरिसच्या गाभाऱ्यात खरे दार आहे आणि ते मागच्या दालनांत उघडते. भिंतींवर रोजच्या पूजेचा क्रम आहे: मूर्तीचे कपडे उतरवणे, धूप, उटी, नवी वस्त्रे, अलंकार. आपल्या देवळांतली काकड आरतीपासूनची सेवा माहीत असलेल्याला इथे खूप काही ओळखीचे वाटते. सेतीच्या काळचे काम उठावाचे आहे, गालाची गोलाई बोटाने जाणवेल असे. बाहेरच्या भागात त्याच्या मुलाने, रामसेस दुसऱ्याने, पुष्कळसे काम खोदीव करून घेतले. त्याला वेळ कमी लागतो. दोन्हींतला फरक एकाच फेरीत दिसतो.

आत एका बोळात ७६ राजांची यादी आहे. सेती उभा आहे, पुढे लहानगा रामसेस पपायरस उलगडून नावे वाचतो आहे. हात्शेपसुत, अखेनातेन आणि तुतानखामुन यांची नावे त्या यादीत नाहीत, मुद्दाम वगळली आहेत. इथला पहारेकरी तुम्हाला छताजवळचे 'हेलिकॉप्टर' दाखवील. सेतीची बिरुदे बुजवून त्यावर रामसेसची कोरली, वरचा गिलावा पडला आणि दोन्ही अक्षरे एकात एक मिसळली, एवढाच तो प्रकार. त्यात वेळ न घालवता गाभाऱ्यांकडे चला. आत उजेड कमी, टॉर्च जवळ हवा.

डेंडेराचे हाथोर देवीचे मंदिर खूप नंतरचे, इ.स.पू. ५४ मध्ये सुरू झालेले. छप्पर शाबूत असल्यामुळे आत शिरताच अंधार, थंडावा आणि घुमणारा आवाज मिळतो, मूळ मंदिरात असायचा तसाच. छतावरची काजळी काढल्यावर खालचा निळा रंग उघडा पडला आहे. वर जाणाऱ्या जिन्याच्या भिंतीवर पुजारी मूर्ती घेऊन चढताना कोरले आहेत. नव्या वर्षी देवीला सूर्याचे पहिले किरण मिळावेत म्हणून तिला गच्चीवर नेत. त्याच जिन्याने तुम्हीही चढता. गच्चीवरच्या खोलीतले राशिचक्र प्रतिकृती आहे, मूळचे १८२१ मध्ये कापून पॅरिसला नेले, आज ते लूव्रमध्ये आहे. मंदिराच्या मागच्या भिंतीवर क्लिओपात्रा आणि तिचा मुलगा सिझेरियन आहेत.

लक्सर ते आस्वान क्रूझ तीन रात्रींची घ्या, चार नको. वाटेतली मंदिरे ग्रीक-रोमन काळातली आहेत. खुफूपासून एडफूच्या मंदिराच्या पायाभरणीपर्यंत, म्हणजे इ.स.पू. २३७ पर्यंत, तेवीसशे वर्षे उलटली होती, हे आईवडिलांना सांगून ठेवा, नाहीतर सगळे एकाच काळाचे वाटते. एडफू सर्वात शाबूत, एस्नाच्या खांबांचे रंग अलीकडच्या सफाईत सुरेख उजळले आहेत, कोम ओम्बोला मगरींच्या ममी. फिलेचे मंदिर मात्र सावकाश बघा. धरणाच्या पाण्यातून सोडवून ते शेजारच्या बेटावर पुन्हा उभे केले, १९८० मध्ये ते काम पूर्ण झाले. तिथल्या हेड्रियनच्या दरवाजावर २४ ऑगस्ट ३९४ ची नोंद आहे. चित्रलिपीतला याच्यानंतरचा एकही लेख सापडलेला नाही.

अबू सिंबेल आस्वानहून तीनेक तास. रामसेस दुसऱ्याचे चार पुतळे, प्रत्येकी सुमारे २० मीटर. आस्वानच्या नव्या धरणाचे पाणी चढणार म्हणून १९६४ ते १९६८ मध्ये डोंगरासकट कापून ६५ मीटर वर नेले. नुबिया पाण्याखाली जाण्याआधी उत्खननासाठी जे देश धावून गेले त्यात भारतही होता. पुरातत्त्वज्ञ बी. बी. लाल यांच्या पथकाने नुबियातल्या अफियेला काम केले. शेजारच्या छोट्या मंदिरात राणी नेफर्तारीचे पुतळे राजाएवढेच उंच आहेत, तसे फार क्वचित घडे. २२ फेब्रुवारी आणि २२ ऑक्टोबरला सूर्यकिरण गाभाऱ्यापर्यंत जातात, पण त्या दिवशी इतकी गर्दी असते की वयस्कर माणसांना घेऊन जाऊ नये. जमल्यास तिथेच एक रात्र मुक्काम करा, दुपारनंतर सगळे गट परत जातात.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ ठरवा. बहुतेक मोठ्या ठिकाणी तिकीट कार्डानेच घ्यावे लागते, दोन कार्डे ठेवा. बक्षिसासाठी सुट्टे पौंड वेगळ्या खिशात असू द्या. रमजानमध्ये वेळा बदलतात. शाकाहारी असाल तर कोशरी (भात, मसूर आणि पास्ता), फूल (शिजवलेल्या शेंगदाण्यांचा नव्हे, बाकल्याच्या दाण्यांचा पदार्थ) आणि तामिया (त्याच दाण्यांचे वडे) कुठेही मिळते. आणि टूर कंपनी म्हणाली की अबिदोस त्यांच्या कार्यक्रमात बसत नाही, तर लक्सरला स्वतः गाडी आणि परवानाधारक गाइड ठरवा, हॉटेलवाले एका दिवसात सोय करतात.